तीन हंगामांच्या नोंदी

संशोधन केंद्राची प्रमुख नादीन कोमो हिला फक्त एक यादी हवी होती. उतारावरच्या बागेतली कोणकोणती झाडं राखायची, त्यांची.

"चाळीसएक असतील ना गं? संध्याकाळपर्यंत दिलीस तरी चालेल," ती दारातूनच म्हणाली आणि बुटांवरचा बर्फ झटकत पुढे गेली.

ग्लेंडा रफ्यूजने मान हलवली. पाच मिनिटांचं काम. ॲनापोलिस खोऱ्यातल्या सफरचंद बागायतदारांनी मिळून चालवलेल्या त्या लहानशा संशोधन केंद्रात ती पस्तीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागली होती. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो टायपिस्टच्याच टेबलावर ठेवला गेला, आणि तेव्हापासून कॉम्प्युटरचं जे काही असेल ते ग्लेंडाचं, असा रिवाजच पडून गेला. कोणी शिकवलं नाही. तिने पुस्तकं चाळून, माणसांना फोन करून, चुका करून स्वतःच शिकून घेतलं. झाडांच्या नोंदींचा डेटाबेस ज्या कंपनीने बनवला होता ती कंपनी बुडूनही वीस वर्षं झाली होती. पण डेटाबेस चालत होता, आणि चालत्या गोष्टीला हात लावायला केंद्राकडे पैसा नव्हता आणि ग्लेंडाला हौस नव्हती.

त्या उतारावर एकोणीसशे झाडं होती. प्रत्येक वेगळ्या बीपासून रुजवलेलं, म्हणजे एकासारखं दुसरं नाही. त्यातली बहुतेक आंबट, पिठूळ, बेचव निघतात. एखादंच असं निघतं की ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा. ते एखादं कोणतं, हे चाखल्याशिवाय कळत नाही, आणि एकाच वर्षी चाखूनही कळत नाही. चाळीस वर्षं ते काम ऑब्री कॉर्कम यांनी केलं. निवृत्त झाल्यावरसुद्धा ते दर शुक्रवारी यायचे, शरदात खिशात चाकू घालून रांगांमधून फिरायचे आणि दुपारी ऑफिसात बसून दोन बोटांनी नोंदी टाइप करायचे.

ती जमीन भाड्याची होती. मालकाने ती द्राक्षंवाल्यांना विकली होती आणि मेच्या पहिल्या आठवड्यात बुलडोझर येणार होता. त्याआधी, झाडं झोपेत आहेत तोवर, चांगल्या झाडांच्या काड्या कापून घ्यायच्या आणि केंद्राच्या स्वतःच्या जागेत त्यांची कलमं बांधायची. म्हणून यादी.

ग्लेंडाने चाखणीच्या नोंदी उघडल्या. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि ते हलेचना. तिने कॉफी आणली. घड्याळ तसंच. तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. झाडांचे नंबर उघडले, रोपांचे आईबाप उघडले, लावणीच्या तारखा उघडल्या. चाखणी तेवढी उघडेना.

"थकलं बिचारं," असं स्वतःशी म्हणत तिने मागच्या शुक्रवारची बॅकअपची टेप काढली. टेपवरून नोंदी परत भरायला लावल्या. एकसष्ट टक्क्यांवर काम थांबलं. तिने त्याआधीच्या शुक्रवारची टेप घातली. एकसष्ट. एकूण सहा टेपा होत्या आणि त्याच आळीपाळीने वापरल्या जायच्या. सहाही एकसष्टवर थांबल्या.

मंगळवारी तिने टेपचं यंत्र उघडून स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. बुधवारी केबल बदलली. मग तिला सुचलं की टेपेच्या भानगडीतच कशाला पडायचं. तिने डेटाबेसलाच सांगितलं की सरळ दुसऱ्या डिस्कवर तुझी नक्कल उतरव. नक्कल उतरू लागली, आकडे भराभर चढले आणि एकसष्टवर थांबले.

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. खोट उतरवून घेणाऱ्यात नव्हती. जे उतरवायचं त्यातच होती.

बॅकअप फसला की मशीन तिला एक ईमेल पाठवायचं. ते ईमेल आपोआप एका वेगळ्या कप्प्यात जातील अशी सोय तिनेच फार पूर्वी करून ठेवली होती, कारण त्या काळी प्रिंटरच्या एका फालतू फायलीपायी दर आठवड्याला बोंब व्हायची. तिने तो कप्पा आज उघडला. न वाचलेले एकशे अठ्ठावीस ईमेल. सगळ्यात जुन्यावर तारीख होती तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली, समुद्रावरून ते मोठं वादळ आलं आणि दोन दिवस खोऱ्यात वीज नव्हती, त्याच्या पुढच्या शुक्रवारची.

मंक्टनला एल्डन नावाचा एक म्हातारा राहायचा. एकेकाळी त्या बुडालेल्या कंपनीत तो कामाला होता. ग्लेंडाने त्याचा नंबर शोधून काढला.

"अजून चालवताय ते तुम्ही?" एल्डन फोनवर मोठ्यांदा हसला. "अगं बाई, संग्रहालयात द्या ते!"

"मला हसायला वेळ नाही, एल्डन."

तिने सगळं सांगितल्यावर त्याचं हसू गेलं. "दुरुस्तीचं बटण दाबलंस का?"

"अजून नाही."

"दाबू नकोस. आधी फायली आहेत तशा, नासक्या तर नासक्या, उचलून दुसरीकडे ठेव. मग ते डबडं माझ्याकडे पाठव. आणि जुनी टेप? वेगळी काढून ठेवलेली?"

दर वर्षी एक टेप गावातल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची पद्धत होती. बँकेची ती शाखा बंद झाली तेव्हा ग्लेंडाने टेप घरी आणून बिस्किटांच्या डब्यात ठेवली, दुसरी जागा बघू म्हणून. ते बघणं राहून गेलं. ती टेप तिने चालवून पाहिली. ती ठणठणीत होती. वादळाच्या आदल्या वसंतापर्यंतच्या सगळ्या नोंदी तिच्यात होत्या. पण उतारावरच्या झाडांना पहिलं फळ धरलं तेच मुळी वादळाच्या वर्षी. त्यानंतरचे तीन हंगाम म्हणजे तर सगळं.

आठ दिवसांनी एल्डनचा फोन आला.

"बसली आहेस ना?" तो म्हणाला. "वीज गेली तेव्हा त्या नोंदींची अनुक्रमणिका फाटली. मशीनला कळेना कोणतं पान कुठलं. ते नवी पानं जुन्यांवरच लिहीत सुटलं. मी खरवडून खरवडून दोनशे बारा तुकडे काढलेत. वाक्यं आहेत. झाडाचा नंबर एकालाही नाही."

"एकालाही?"

"एकालाही नाही, बाई. पहिल्याच आठवड्यात कळलं असतं ना, तर अर्ध्या तासाचं काम होतं. टेप चांगली होती, अनुक्रमणिका नवी बांधली असती की झालं. मग सहा आठवड्यांत सहाही चांगल्या टेपांवर हे अर्धवट चढत गेलं. टेप बदलायचं कोण? त्याला पडद्यावर लाल खिडकी दिसली असेल की."

टेप बदलायचे ऑब्री. शुक्रवारी ऑफिसातून सगळ्यात शेवटी तेच निघायचे, म्हणून ते काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आणि लाल खिडकी त्यांना दिसली होती. वादळानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी त्यांनी तिच्या घरी फोन केला होता. ती भाजी चिरत होती, फोन खांद्याने कानाशी धरलेला.

"पोरी, तो लाल डबा आलाय. काहीतरी झालं नाही असं म्हणतोय."

"तो येतोच, ऑब्री. ओके दाबा."

"वाचून दाखवू का? बरंच लिहिलंय त्यात."

"नको हो, काही नसतं ते. ओके दाबायचं आणि घरी जायचं."

दुसऱ्या शुक्रवारीही त्यांनी फोन केला. तिसऱ्या शुक्रवारी ग्लेंडा जरा वैतागूनच म्हणाली होती, "दर वेळी फोन कशाला करता?" त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. ते ओके दाबत राहिले, आणि ते आजारी पडल्यापासून टेप बदलताना ग्लेंडाही तेच करत आली.

आणि वह्या? ऑब्रींच्या वह्या होत्या, चाळीस वर्षांच्या, रसाचे डाग पडलेल्या. त्या तिनेच बसून मशीनमध्ये घातल्या होत्या. उतारावरची बाग फळायला लागली तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, "आधी वहीत, मग इथे, दोनदोनदा कशाला मरता? सरळ इथेच लिहा." ते कुरकुरले होते. "कागद हातात असला की बरं वाटतं," म्हणाले होते. मग ऐकलंही होतं. ऑब्री ग्लेंडाचं ऐकायचे, कारण या एका विषयात तिला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं अशी त्यांची खात्री होती.

गेल्या नोव्हेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परतलं, डावा पाय थोडा ओढत का होईना चालू लागला. जीभ आणि नाक मात्र गेलं. सूप आणि कोमट पाणी त्यांना सारखंच लागायचं.

ग्लेंडाने चार दिवस जाणं टाळलं. पाचव्या दिवशी नादीनच म्हणाली, "त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी जा." मग ती तुकड्यांचे कागद घेऊन बर्विकच्या वृद्धाश्रमात गेली. ऑब्री खिडकीशी बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी. तिने गुळमुळीत सुरुवात केली, वादळ, वीज, जुनं मशीन.

"म्हणजे तो लाल डबा," ते म्हणाले.

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो, ऑब्री."

"तीनदा विचारलं होतं. वाचून दाखवतो म्हणालो होतो. तू म्हणालीस काही नसतं ते." त्यांचा आवाज चढला तशी शेजारच्या टेबलावर पत्ते खेळणाऱ्या दोघी वळून बघायला लागल्या. "शंभर वेळा मी तो दाबला! माझ्या या हाताने!"

"तुमची काही चूक नाही त्यात."

"ते मला माहितेय!" ते कडाडले. "चूक कुणाची ते मला चांगलं माहितेय. मला ते सांगायला आलीयस का?"

ग्लेंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. रडायचं नाही असं ठरवून आली होती, कारण रडली तर त्यांनाच तिची समजूत काढावी लागली असती. ती उठून पाण्याच्या नळापाशी गेली, दोन पेले भरून घेऊन आली. ऑब्री बाहेर बघत होते. मग त्यांनी कागदांकडे बोट केलं.

"काय आहे ते?"

"तुमच्या नोंदी. मिळाल्या तेवढ्या. झाडाचा नंबर नाही."

"वाच."

ती वाचू लागली. "'साल जाड, पण आत बर्फ मोडल्यासारखं मोडतं.' 'दिसायला राजा, चवीला बटाटा.' 'बायकोला दिलं, तिने परत मागितलं नाही.'"

ऑब्रींना हसू फुटलं. "इडाला दिलं होतं ते. अजून?"

"'आंबट, पण प्रामाणिक आंबट. पुढच्या वर्षी बघू.' 'पेअरसारखा वास. तळघरात जूनपर्यंत टिकलं, तेव्हा आणखी गोड झालं होतं. याच्यासाठी आलो होतो. हे ठेवायचंच.'"

त्यांनी हात वर केला. "परत वाच."

तिने परत वाचलं.

"हे," ते म्हणाले. ओठ हलत राहिले, जणू काही चघळताहेत. "हे आठवतंय मला. पिवळं होतं, एका गालावर लाली. आता बघ, शब्द आठवतात. चव काही येत नाही." मग ते म्हणाले, "मला तिथे घेऊन चल."

पुढच्या शनिवारी नादीनने ट्रॅक्टरने रांगांमधला बर्फ बाजूला करून ठेवला. फंडीच्या उपसागरावरून वारा येत होता, पण ऊन होतं. ऑब्री एका हाताने काठीवर आणि दुसऱ्याने ग्लेंडाच्या दंडावर भार देत निघाले. नादीन मागे कात्री आणि रंगीत फिती घेऊन. झाडं उघडीबोडकी, एकासारखं एक. फळ नाही, पान नाही, फांद्यांच्या ठेवणीवरून काय ओळखाल तेवढंच.

सुरुवात बरी झाली. तिसऱ्या रांगेत ते थबकले आणि म्हणाले, "हे. याच्या बुंध्याशी ससा असायचा." नादीनने निळी फीत बांधली. सहाव्या रांगेत दोन दाखवली. नवव्या रांगेत बराच वेळ उभे राहून मान हलवली आणि पुढे गेले. दुपारपर्यंत अकरा फिती झाल्या. ग्लेंडाच्या मनात आशा येऊ लागली होती. तिने थर्मासमधला चहा त्यांना दिला.

"आणि ते पिवळं, ऑब्री? पेअरच्या वासाचं?"

"ते विहिरीजवळ. खाली, विहिरीच्या अंगाला."

नादीनने ग्लेंडाकडे पाहिलं. त्या उतारावर विहीर नव्हती. विहीर होती ती नदीपलीकडच्या बागेत, आणि ती बाग तोडून तीस वर्षं झाली होती.

"इथे विहीर नाही हो," ग्लेंडा हळूच म्हणाली.

"आहे. तू काय सांगतेस मला? मी तिथे बसून भाकरी खायचो." त्यांनी काठीने खाली दाखवलं. खाली नुसता बर्फ होता आणि कुंपण. ते बघत राहिले. मग त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. "मग ससा..." ते म्हणाले. "ससासुद्धा तिकडलाच असेल."

त्यांनी मागे वळून निळ्या फितींकडे पाहिलं. वाऱ्यावर फिती फडफडत होत्या.

"मला नेतेस का गं पोरी? थंडी वाजतेय."

वृद्धाश्रमाच्या दारात गाडी थांबली. उतरताना तिने हात दिला तो त्यांनी धरला आणि जरा वेळ धरूनच ठेवला. माफ केलं, असं त्यात होतं की नुसता तोल सावरणं होतं, हे ग्लेंडाला तेव्हा कळलं नाही, पुढेही कळलं नाही.

त्या अकरा झाडांच्या काड्या दोघींनी कापल्याच. नादीनने आणखी तीस झाडं निवडली, बुंध्याचा जोम बघून, रोगाचे डाग नाहीत ते बघून. म्हणजे डोळे मिटून निवडल्यासारखीच. सगळ्या एकोणीसशे झाडांच्या काड्या घ्याव्यात असं ग्लेंडा म्हणाली. कलमं लावायला जागा होती चाळीसएकांची. मेमध्ये बुलडोझर आला आणि अडीच दिवसांत उतार मोकळा झाला. ग्लेंडाने त्या आठवड्यात रजा घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं. ऑफिसच्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

नादीनने बागायतदारांच्या संघाला अहवाल लिहिला: "जुन्या यंत्रणेत बिघाड झाल्याने तीन हंगामांच्या नोंदी गमावल्या." ग्लेंडा तो कागद घेऊन तिच्या खोलीत गेली.

"हे खरं नाही."

"काय खरं नाही?"

"यंत्रणा सांगत होती. दर शुक्रवारी सांगत होती. मी तिला गप्प बसवलं. ऑब्री विचारत होते, त्यांनाही गप्प बसवलं. तसं लिही."

नादीनने चष्मा काढला. "अगं, इथे कुणी तुला दोष देत नाहीये. पंधरा वर्षं आपण नवीन मशीन मागतोय, त्यांनी दिलं नाही. दोष द्यायचाच तर..."

"मला तो वाटून नकोय," ग्लेंडा म्हणाली.

अहवाल होता तसाच गेला. ऑब्री पुढच्या उन्हाळ्यात वारले. त्याआधी ग्लेंडा दर रविवारी त्यांच्याकडे जायची. हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, हॉकीच्या व्हायच्या. तुकड्यांचे कागद तिने एकदा पुन्हा नेले होते, पण त्यांनी ते घोंगडीखाली सरकवले आणि परत दिले नाहीत. त्यांच्या मुलीने सामान आवरलं तेव्हा ते कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही. ग्लेंडाकडे प्रत होती. आता ती सगळ्याच गोष्टींच्या प्रती ठेवायची.

कलमांना चौथ्या शरदात फळ आलं. चाखायला सहा जण बसले होते, नवीन पोरं, प्रत्येकाच्या हातात टॅबलेट, गोडी इतकी, आंबटपणा इतका, कुरकुरीतपणा इतका. निवृत्तीला दोन महिने उरलेल्या ग्लेंडालाही नादीनने बळेच बसवलं. अकरातली आठ टाकाऊ निघाली. दोन बरी. एक मात्र सगळ्यांना आवडलं: लाल, रसाळ, दिसायलाही देखणं. बाजारात चालेल असं सहाही जण म्हणाले. पिवळं एकही नव्हतं, नादीनने निवडलेल्या तिसांतही नाही.

"याला ऑब्रींचं नाव द्यावं असं मनात आहे," नादीन म्हणाली. "कॉर्कम. कसं वाटतं?"

ग्लेंडाने आणखी एक घास घेतला. सावकाश चावला. गोड होतं. गोडाखेरीज त्यात काही नव्हतं, आणि हे कळायला तिला ऑब्रींची जीभ लागली नाही.

"नको," ती म्हणाली. "हे त्यांनी थुंकलं असतं."

पोरं हसली. नादीनही हसली. ग्लेंडाने उरलेली फोड बशीत ठेवली, रुमालाला हात पुसले आणि समोरच्या कागदावर झाडाचा नंबर आधी लिहिला.